बर्फातला राजपुत्र आणि मागची कोरी पानं

बाळांनो, तुम्ही लिहून पाठवलेली ड्रॅगनची गोष्ट पोचली. मीही हे उद्योग केलेले आहेत, म्हणून क्रमाने सांगते.

पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि मी कॉलेजात होते. कॅन्टोन्मेंटमधल्या वाचनालयातून इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या आणायचे आणि कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटच्या घरी बसून, परीक्षा असल्यासारख्या, वाचायचे. त्यातून माझी पहिली कथा जन्मली, म्हणजे उसनी आली. हिमशिखरं, ओकची झाडं, ड्रॅगनने कोंडलेली राजकन्या, तिला सोडवायला निघालेला राजपुत्र. बर्फ मी फक्त उसाच्या रसात पाहिला होता.

कथा मराठी मंडळाच्या हस्तलिखित वार्षिकात गेली. त्याची एकच प्रत निघे. ती प्रत्येक घरी दोन दिवस राही आणि मागच्या कोऱ्या पानांवर लोक अभिप्राय लिहीत. कुणीतरी मला लेखिका म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

महिन्याने प्रत आमच्याकडे आली. मी आधी मागची पानं उघडली. पुण्याहून कारखान्यात नोकरीला आलेल्या एका इंजिनिअरांनी लिहिलं होतं, 'भाषा उच्च. वातावरण थेट विलायती.' मी हुरळले. त्याखाली कुणी विचारलं होतं, 'सात दिवस घोडा धावतो आहे. त्याला चारा कोण घालतं?' आणखी खाली, 'राजकन्येला आई नाही का?'

"अक्का, या लोकांना कल्पनाशक्तीच नाही," मी थोरल्या बहिणीला म्हणाले.

ती तांदूळ निवडत होती. "तुला तरी कुठंय? सगळी त्या पुस्तकांतलीच की."

"मग ड्रॅगन लिहूच नको?"

"लिही. पण राजकन्या काय करतात, ते तुला काय ठाऊक? ड्रॅगन आपल्या गल्लीत आला तर मी काय करीन, ते मला ठाऊक आहे."

"काय करशील?"

"आधी पापड आत घेईन. मग म्हणेन, आग ओकायची तर स्वल्प लांब उभा राहा."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण पुढच्या वर्षी माझा ड्रॅगन आमच्याच यशवंतपूरच्या मालधक्क्यावर उतरला आणि पापड वाळत घालणारी एक बाई त्याच्यावर खेकसली. इंजिनिअरांनी लिहिलं, 'भाषा घसरली.' त्याखाली पाच घरांनी एकच विचारलं होतं: मग पुढे काय झालं?

लेखिका कुणीच म्हटलं नव्हतं. मी मंडळाचा नियम मोडून प्रत आठवडाभर ठेवून घेतली आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर पुढचा भाग लिहून काढला.