वृंदाची ताय-ची आणि माझी योगासनं

रोज सकाळी बागेत जाणाऱ्या बाईकडे किस्से नसतील, तर तिने घरी झोपलेलंच बरं. मुलुंड पूर्वेला आमच्या बागेत मी इतकी वर्षं फुकट योगासनं शिकवतेय, की आसनांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यात गेल्या वर्षी पलीकडच्या कट्ट्याजवळ वृंदाने ताय-चीचा वर्ग सुरू केला. आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळते. उगाच नंतर तुम्ही शोधून काढायला नको.

*

शैला माझी शेजारीण, मूळची मालवणची, माझ्या वर्गातली पहिल्या रांगेतली. तिला मी म्हटलं, "हा काय व्यायाम आहे? कपाटावरची धूळ पुसल्यासारखे नुसते हात फिरवतात."

"बघून तरी येतंय," म्हणाली. गेली ती गेलीच.

"अगो, माका खाली वाकल्यावर चक्कर येता. थंय वाकूचा लागना नाय."

बरं, जाताना सतरंजीही घेऊन गेली. ताय-ची उभ्याने करतात. मग सतरंजी कशाला? तर म्हणे, जागा धरूक!

*

मी मग वर्गात ताय-चीचे धोके सांगायला लागले. गुडघे वाकवून इतका वेळ उभं राहायचं म्हणजे गुडघ्यांची वाट लागणार, वगैरे. त्याच आठवड्यात माझ्याच वर्गातल्या देसाईकाकांना कपालभाती करताना गरगरलं. त्यांना बीपी आहे, आणि मी पुढे उभी राहून "अजून जोरात, अजून जोरात" करत होते.

पाणी घेऊन सगळ्यात आधी कोण धावलं? वृंदा. त्यांना बाकावर बसवलं, गोळी घेतली का विचारलं, त्यांच्या मुलाला फोन लावला. डॉक्टरांनी कपालभाती बंद करायला सांगितली. तेव्हापासून माझ्याकडे बीपीवाले फक्त संथ श्वास घेतात.

वृंदा यावर मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

*

आमच्यात ज्याचा वाढदिवस त्याने सगळ्या ग्रुपला नाश्ता द्यायचा, असा रिवाज आहे. शैलाचा वाढदिवस आला. नाश्ता कुठल्या ग्रुपला? तिने कट्ट्यावर घावणे आणि चटणीचे डबे उघडले आणि दोन्हीकडे हात हलवला.

मी तेव्हा शवासन घेत होते. "शरीर सैल सोडा. मनातले सगळे विचार जाऊ द्या." डोळे उघडून बघते तर विचारांच्या आधी माणसंच गेलेली. एक देसाईकाका तेवढे राहिले होते. त्यांना झोप लागली होती.

*

माझी भाची अंधेरीला फिजिओ आहे, स्वतः पिलाटीस करते. तिला घरी बोलावून जेवू घातलं आणि विचारलं, काय चांगलं?

"मावशी, तिन्ही चांगली. योगाने अंग मोकळं होतं, ताय-चीने तोल सुधारतो, पिलाटीसने पोट-पाठ बळकट होते. आणि घाईने, चुकीचं केलंस तर तिन्ही दुखवतात. ज्याला जे झेपतं ते त्याने करावं."

"ते राहू दे. वृंदा चांगली की मी?"

"मावशी, मी फिजिओ आहे, न्यायाधीश नाही."

*

आता आमचे हे. मागे काही दिवस माझ्या वर्गाला आले होते. वर्ग सातला सुटायचा, पण मी जेवतानाही सांगायची, "अहो, सकाळी तुमची पाठ वाकली होती." टीव्ही बघताना खांदे. एकदा तर भाजीवाल्यासमोर त्यांचं वज्रासन काढलं होतं. मग "गुडघा दुखतो" म्हणून त्यांनी यायचं बंद केलं. मी म्हटलं, असेल दुखत.

गेल्या महिन्यात बघते तर हे वृंदाच्या रांगेत. हात ढगात, चेहऱ्यावर अशी शांती, जी मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

"आणि गुडघ्याचं काय?"

"ती जास्त वाकू देत नाही," म्हणाले.

मला नवरा परत हवा होता, निदान सकाळपुरता तरी. एका रविवारी माझ्या वर्गाला सुट्टी दिली आणि वृंदाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले. काय सांगू! एका पायावर उभी राहिले तर शैलाच्या अंगावर गेले. सगळे डावीकडे वळले, मी उजवीकडे. समोर कोण, तर हे. माझ्याकडे बघितलं आणि वळले.

घरी येताना मी वाट बघत होते, आता बोलतील. ते कोथिंबिरीच्या भावावर बोलले. जेवताना आमटीला मीठ कमी म्हणाले. दुपारभर पेपर. मला चैन पडेना. शेवटी चारच्या चहाला मीच विचारलं, "अहो, सकाळी मी कशी करत होते?"

यांनी खारी चहात बुडवली, सावकाश खाल्ली आणि म्हणाले, "वर्ग सातला सुटला ना?"