छातीवरचा पक्षी

२००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत चँडलरला आले तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, नवऱ्याच्या जिवावरचा डिपेंडंट व्हिसा आणि सुयादोऱ्यांचा डबा. नोकरी करायची परवानगी नाही. नवरा चिपच्या कंपनीत गेला की मी खिडकीशी बसून कशिदा काढायचे. दुसरं करणार काय, कपाळ?

शेजारी एक व्हिएतनामी काका मुलाबरोबर राहायचे. लिव्हरचा कॅन्सर, डॉक्टरांनी हात टेकलेले. काकांची एकच इच्छा होती, जाताना अंगावर आजोबांचा झगा हवा. ते आजोबा राजाच्या दरबारात कारकून होते. तिकडे म्हणे अधिकाऱ्याच्या छातीवर चौकोन असायचा आणि त्यातल्या पक्ष्यावरून माणसाची पायरी कळायची. सगळ्यांत वरच्याला करकोचा, पार खालच्यांतल्या या आजोबांना लावा पक्षी. निळा झगा टिकला होता, चौकोन मात्र कसरीनं खाऊन टाकलेला. मुलगा झगा घेऊन माझ्याकडे आला.

"करकोचा काढा," तो म्हणाला. "बाबांनी जन्मभर लोकांची ऑफिसं झाडली. मरताना तरी मोठे होऊ देत. इथे कोण तपासतंय?"

मलाही पटलं. जिला स्वतःला काडीची किंमत नाही, तिला दुसऱ्याला बढती द्यायला मिळाली तर सोडते की काय! पांढराशुभ्र करकोचा काढला आणि मोठ्या तोऱ्यात दाखवायला गेले.

काकांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि ढसाढसा रडायला लागले. मुलानं त्यांच्या तोंडाशी कान नेला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "म्हणतायत, आजोबा तिथे लावा शोधत उभे असतील. मला ओळखणार कसे?"

त्याच दुपारी सगळा करकोचा उसवला आणि तपकिरी दोरा ओवला. एवढंसं ते पाखरू, पण त्याच्या पिसांवरचे ठिपके नुसता जीव खातात. पाय झाले, पाठ झाली, पंख झाले. तेवढ्यात दार वाजलं.

"थांबा हो जरा, डोकं राहिलंय," मी आतूनच ओरडले.

दार उघडलं तर काकांचा मुलगा. काकांनी डोळे मिटले होते, तो झगा न्यायला आला होता.

काका तसेच गेले, छातीवर बिनडोक्याचा पक्षी घेऊन. मी घरी येऊन खूप रडले. पायांवरून, पंखांवरून का होईना, आजोबांनी ओळखलं असेल ना हो त्यांना?