घरची माणसं

ऑफिसात मागून सगळे तिला चाळणीबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. समाजकार्याला निधी देणाऱ्या एका संस्थेत, आलेल्या प्रस्तावांची छाननी करणं हे तिचं काम. कोण राबणार, कुणाच्या भरवशावर, निधी संपल्यावर पुढे काय, हे ती खोदून खोदून विचारायची. गोडगोड भाषेला बधायची नाही.

त्या दिवशी गठ्ठ्यातला एक प्रस्ताव तिनं उघडला. खाली सही नणंदेची! स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र. सासूबाई त्याच आजारानं गेल्या होत्या. त्यांचं सगळं या नणंदेनं, ताईंनीच केलं होतं.

तिनं पुढचं पान उलटलं नाही. फाइल उचलून थेट शेजारच्या टेबलावर ठेवली. तिथले सहकारी जाड चष्म्यापायी भिंगवाले म्हणून ओळखले जात.

"ही माझ्या नणंदेची. मी हात लावणार नाही."

तसं तिनं साहेबांना लिहूनही दिलं. पण जिवाला चैन कुठली! भिंगवाल्यांनी पान उलटलं की हिचे कान टवकारलेले. त्यात ताईंचा फोन.

"अगं, तुझ्याच ऑफिसात दिलंय. आता घोर नाही."

"ताई, माझा त्यात काही संबंध नाही हो."

"बरं बरं, कळलं," म्हणत ताई हसल्या. त्या हसण्यानं ही आणखीच कावरीबावरी झाली.

मंजुरीच्या बैठकीला ती नियमाप्रमाणे बाहेर थांबली. बसली, उठली, भिंतीवरची जुनी सूचना पुन्हा पुन्हा वाचली. तेवढ्यात भिंगवाल्यांनी तिला आत बोलावलं.

"तुमचं मत नको, फक्त माहिती हवी. इथं लिहिलंय, कर्मचारी रजेवर असले की घरची माणसं सांभाळतील. घरची म्हणजे कोण?"

ताई एकट्या, मूलबाळ नव्हतं. हिच्या नवऱ्याची नोकरी फिरतीची. मग उरलं कोण?

"मीच असणार," ती म्हणाली.

"तुम्ही कबूल केलंय?"

एक 'हो' म्हटलं की काम फत्ते. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"मला कुणी विचारलेलं नाही."

प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत गेला. संध्याकाळी ताई दारात उभ्या.

"हो म्हणाली असतीस तर तुझं काय जात होतं? आली नसतीस तू?"

"आले असते. पण तुम्ही विचारलंत कुठे?"

"आता घरच्यांनाही विचारायचं!" ताई आल्या पावली परत गेल्या. ती रात्रभर कूस बदलत राहिली.

पुढे ताईंनी रजेच्या दिवसांसाठी दोन पगारी बायका ठरवल्या, प्रस्ताव नव्यानं दिला आणि तो मंजूर झाला. केंद्र सुरू झाल्याचं हिला कळलं ते नवऱ्याकडून.

एका रविवारी न राहवून ती केंद्रावर गेली.

"काही करू का, ताई?"

"नको गं. माणसं आहेत आता."

ती चप्पल घालायला वळली, तर एक आजोबा फाटकाची कडी खडखडवत होते. त्यांना घरी जायचं होतं. तिनं त्यांचा हात धरला आणि दोघं अंगणात चालू लागले. फाटक आलं की आजोबा थांबत, ती त्यांना वळवून घेई. ताई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी हाक मारली नाही, पण त्या खिडकीपासून हलल्याही नाहीत.