सोमवारचा बर्फ

बाहेर उणे तीस, शाळेच्या पायऱ्या बर्फाखाली गाडलेल्या, आणि आत आमची नर्स आर्लिस कोस्केला पोरांना बर्फच वाटत बसलेली. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या खाणीच्या गावात तिला सगळे बर्फवाली म्हणायचे. गुडघा खरचटला, बर्फ. दात हलतोय, बर्फ. आईबापांच्या सहीशिवाय साधी गोळी द्यायची सोय नाही, मग ती तरी दुसरं काय देणार? ओल्या कागदी रुमालात गुंडाळलेली गार पिशवी हातात द्यायची आणि म्हणायची, "बस जरा."

मी शेजारच्या ऑफिसात कारकून, आणि जीभ मुळातच तिखट. अंगणातलाच वापर की, फ्रीजरचं बिल तरी वाचेल, असं मी तिला चिडवायचे. ती हसून सोडून द्यायची.

टिली तिसरीत होती. बाप खाणीत, आई वेगळी होऊन डुलुथ शहरात. रविवार आईकडे जायचा, त्यामुळे सोमवारी जेवणानंतर टिलीचं पोट दुखणार हे ठरलेलं. कुठे दुखतंय विचारलं की ती नुसता पोटावर हात ठेवायची. मग पिशवी पोटाशी धरून खाटेवर बसायची, आणि पिशवी मऊ पडेपर्यंत आर्लिस शेजारी विणत बसायची. थोड्या वेळाने पोरगी आपणहून उठून वर्गात जायची.

फेब्रुवारीत खाणीने माणसं कमी केली. टिलीचा बाप तिला घेऊन भावाकडे दूर वायोमिंग राज्यात निघून गेला. निरोप नाही की काही नाही. आता तिचे आईकडचे रविवारही गेले.

तरी सोमवारी आर्लिसने पिशवी काढून ठेवली. पुढच्याही सोमवारी ठेवली. दारात पाऊल वाजलं की विणता विणता मान वर करायची, आणि दुसरंच कोणी दिसलं की चेहरा पडायचा. तिला ती पोर हवी होती, दुसरं काही नाही.

शेवटी नव्या शाळेतून टिलीचे कागद मागायला फोन आला. तो आर्लिसने माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"सोमवारी तिच्या पोटात दुखेल," ती म्हणाली. "आजार नसतो, पण दुखतं खरंच. लगेच वर्गात पाठवू नका. बर्फ द्या आणि कोणीतरी शेजारी बसा."

पलीकडची बाई भली वाटली. पण त्यांच्याकडे तीन शाळांत मिळून एकच नर्स, आणि ती यायची गुरुवारी. बघते म्हणाली.

आर्लिसने फोन ठेवला आणि माझ्या टेबलाशी तशीच उभी राहिली.

"काय गं, कुठे दुखतंय?" मी विचारलं.

तिने पोटावर हात ठेवला.

मी तिच्या खोलीतून पिशवी आणली, ओल्या कागदी रुमालात गुंडाळली आणि आर्लिसच्या हातात दिली. "बस जरा," म्हटलं. ऑफिसचा फोन वाजत होता. तो तसाच वाजू दिला आणि तिच्या शेजारी बसले.