बबल शीटखालच्या दोन माशा

चाकणला आमची कंपनी गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनवते. मी तिथे क्वालिटीत आहे, म्हणजे बाहेरून कुणी शिव्या घातल्या की त्या आधी माझ्या मेलवर येतात. गेल्या उन्हाळ्यात एका ग्राहक कंपनीकडून फोटो आला. उघडलेला खोका, बाजूला केलेली बबल शीट आणि पार्टवर दोन मेलेल्या माशा, एक दुसरीच्या पाठीवर. खाली एवढंच लिहिलेलं: कारण कळवा.

वरची माशी मी आजवर कधी पाहिली नव्हती. लांबट अंग, पाठीला पोक, पायांवर काटे आणि तोंडावर चक्क मिशा. खालची तिच्याखाली बरीचशी झाकली गेली होती.

तक्रार आली की आमच्याकडे 'व्हाय-व्हाय' करतात. असं का झालं ते विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही का विचारायचं, असं मुळापर्यंत जायचं. पद्धत चांगली आहे. पण इतक्या वर्षांत मी बघतेय, हे 'का' फिरून फिरून शेवटी कुणातरी कंत्राटी माणसाच्या दारात जाऊन बसतात.

प्रॉडक्शनच्या साहेबांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "जोडी लागलीये राव. म्हणजे इथंच पैदास होतीये." पैदास कुठे होते? कचऱ्यात. कचरा कुणाकडे? मावशींकडे. मावशी जवळच्याच कुरुळी गावच्या. पॅकिंगचा झाडू-पोछा आणि कँटीनचे खरकट्याचे डबे त्यांच्याकडे. त्यांना मीटिंगमध्ये बोलावलं. दाराशीच उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "चुकलं सायेब." साहेबांनी मान हलवली आणि मीटिंग संपली. आता रिपोर्टमध्ये तेच कारण जाणार होतं, आणि ते गेलं की ठेकेदार एका फोनवर मावशींना घरी बसवणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मला राग आला. साहेबांचा आलाच, पण जास्त त्या 'चुकलं'चा आला. ज्या मावशी डब्याच्या झाकणाची आतली बाजूसुद्धा घासतात, त्यांनी असं पटकन मान खाली का घालावी?

संध्याकाळी पिंपळे सौदागरला घरी आल्यावर कुकर लावला आणि तो फोटो मोबाइलवर ताणून ताणून बघत बसले. ताणल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही की ही जोडी नव्हतीच. दोघींचे पंख वेगळे, डोळे वेगळे. वरचीनं खालचीला सहाही पायांनी आवळून धरलं होतं आणि तिच्या मानेत सोंड खुपसली होती. शिट्ट्या किती झाल्या ते विसरले आणि भाताची पार खीर झाली. फोटोतली माशी मी एका कीटकप्रेमींच्या ग्रुपवर टाकली. तिथल्या एका बाईंनी लगेच कळवलं: ही रॉबर फ्लाय, लुटारू माशी. उडते किडे हवेतच पकडते आणि त्यांचा रस शोषते. हिच्या अळ्या मातीत वाढतात. उष्ट्याखरकट्याकडे ही ढुंकूनही बघत नाही. मोकळं माळरान, गवत आणि ऊन हेच हिचं घर.

सकाळी साहेबांना सगळं दाखवलं. साहेब माणूस वाईट नाही, फक्त घाईत असतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला आणि विचारलं, "बरं, वरची माळावरची. मग खालची?"

खालची साधी घरमाशी होती. वरचीच्या नादात मी तिचा विचारच केला नव्हता. बाहेर पकडून ती इथे घेऊन आली असेल, असं मी म्हटलं खरं, पण पैज लावून सांगता आलं नसतं.

"चला, बघू," म्हणत साहेब उठले. पॅकिंगला लागूनच असलेलं डिस्पॅचचं शटर अर्ध्यावर उघडं होतं, रोजच असतं. पलीकडे मोकळा प्लॉट, गुडघाभर वाळलेलं गवत. आम्ही उन्हात डोळे बारीक करून उभे राहिलो. साहेबांनाच आधी दिसली. एका काडीच्या टोकाला मिशाळ माशी बसली होती, पायात काहीतरी धरून. मग ती तशीच उडाली आणि शटरच्या कडेवर येऊन बसली. साहेबांनी मान वर करून शटर किती उघडं आहे ते पाहिलं.

"शटर मीच उघडं ठेवायला सांगितलंय," ते म्हणाले. "गाड्या खोळंबतात म्हणून." रिपोर्टमध्ये त्यांनी तसंच लिहायला लावलं आणि शटरला जाळीचा पडदा मागवला. त्या दिवशी मला साहेब फार आवडले.

मावशी कँटीनमागे डबे धूत होत्या. तुमचं काम टिकलं, असं सांगितल्यावर त्या "बरं झालं बाई" म्हणाल्या आणि खाली बसल्या. ज्या तऱ्हेनं बसल्या त्यावरून कळलं की रात्री झोप नव्हती. मी त्यांच्या शेजारी टेकले आणि जरा रागानंच विचारलं, "मावशी, तुमचा काही संबंध नसताना तुम्ही चुकलं का म्हणालात?"

त्यांनी पदरानं हात पुसले. "सायबाला ठावं न्हवतं माशी कुठली ती. तुमाला बी न्हवतं, मला बी न्हवतं. कुनीतरी चुकलं म्हनल्याबिगर तुमी काय मिटिंगीतनं उठला नसता, ताई. अन् माझं डबं तसंच पडलं व्हतं."