खेचराला सांगितलेली गाऱ्हाणी

दरीतल्या वाड्यावस्त्यांवर खेचरावरून सिमेंटची नि मिठाची पोती पोहोचवणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांना सारे ‘मुकादम’ म्हणत. वस्तुतः त्यांच्या हाताखाली त्या एका खेचराखेरीज कोणीही नव्हते. दरीची जुनी भाषा आता त्यांच्या एकट्याच्याच तोंडी उरली होती. बरोबरीचे एकेक करून गेले. चिरंजीव शहरात शिकले आणि ती विसरून आले. तेव्हा मुकादम खेचराशीच बोलत. रोज सायंकाळी खोगीर उतरवून खरारा करता करता ते त्याला दिवसभराचा वृत्तान्त निवेदन करीत. त्यातला बारा आणे भाग सूनबाईंविषयी असे.

एके दिवशी भाषांची नोंद करणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनी अंगणात कागद मांडले.

“आजोबा, ही भाषा बोलणारी दोन माणसं हवीत, एकमेकांशी बोलताना. तरच ‘जिवंत’ लिहिता येतं. नाहीतर ‘लुप्त’.”

“लुप्त? अहो, मी इथे धडधडीत बसलोय ना!”

“एकट्याच्या बोलण्याला संवाद म्हणत नाहीत.”

“मग खेचर चालेल? त्याला सगळं कळतं.”

“रकाना माणसांचा आहे, आजोबा.”

मुकादमांचा चेहरा उतरला. आईने ज्या भाषेत निजवले, तिच्यावर आता डोळ्यांदेखत काट बसणार होती. बाईंनी पेनाचे टोपण काढले, तोच चहा घेऊन आलेल्या सूनबाईंनी ट्रे आदळला आणि अस्खलित जुन्या भाषेत विचारले, “माझा चहा म्हणजे खोगीर धुतलेलं पाणी, काय रे म्हाताऱ्या?”

मुकादम गर्रकन सूनबाईंकडे वळले. “तुला... तुला ही कुठून येते?”

“तबेल्याची खिडकी माझ्या मोरीवर उघडते. अकरा वर्षं भांडी घासतेय, कान काही घासून गेले नाहीत!”

खेचराला उद्देशून झालेले बोलणे ऐकूनच शिक्षण झाल्यामुळे आदरार्थी रूपे सूनबाईंना ठाऊकच नव्हती. पदर खोचून त्यांनी एकेका गाऱ्हाण्याचा समाचार घेतला.

“काय म्हणतात त्या?” बाईंनी ध्वनिमुद्रण सुरू करीत विचारले.

“माझी वाखाणणी चाललीय,” मुकादम पुटपुटले.

“छान! पण तुम्हीही बोला.”

त्या भाषेत मुकादमांचे म्हणणे खोडून काढणारे कोणी कित्येक वर्षांत भेटले नव्हते. आता ते बाह्या सरसावून पुढे सरकले, आणि जी जुंपली ती जुंपली.

बाईंनी ‘जिवंत’ असे लिहिले, नमस्कार केला आणि त्या निघाल्या. त्या गेल्याचे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.