परकर नेसलेली पिंपं

काकूंना काहीही विचारा, त्या चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "तुला काय वाटतं?"

अमेरिकेत, कोलंबस शहराजवळच्या डब्लिनमध्ये त्या आमच्या शेजारी राहायच्या, एकट्याच. सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टर. एकदा आमच्या मुलाला ताप आला म्हणून बायकोने त्यांना फोन केला, तर हाच प्रश्न. बायको वैतागली. "अहो काकू, मला काही वाटलं असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?" पाच मिनिटांत काकू घरातल्या सपाता घालून दारात हजर. संध्याकाळपर्यंत बसल्या आणि काय करायचं ते बायकोकडूनच वदवून घेतलं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. राग त्याचाच येतो आणि अडचणीत आठवण त्याचीच होते.

काकू कोलंबसमधल्या एका विद्यापीठात नोकरीला होत्या. कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाच्या देशाबरोबर त्या विद्यापीठाचं आरोग्याचं काम चालायचं. त्या बेटावर घरोघरी पावसाचं पाणी पिंपात साठवतात. पिंपात डास होतात आणि डासांमागून डेंग्यू येतो. म्हणून विद्यापीठाने प्लॅस्टिकची झाकणं पाठवली. काकू पाहायला गेल्या तर पिंपं उघडीच. झाकणांवर कुणी मासे वाळत घातले होते, कुठे पोरं त्यावर बसून उतारावरून घसरत होती.

इथे विद्यापीठातल्या साहेबांचा पारा चढला. तिथल्या लोकांना काही कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं. काकू मात्र हसत सुटल्या. "इतकी छान झाकणं! मीसुद्धा पिंपावर वाया घालवली नसती."

मग त्यांनी तिथल्या दवाखान्याच्या मुख्य नर्सबाईंना आपला नेहमीचा प्रश्न विचारला. बाहेरून आलेल्या कुणी तो आजवर विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, कापड बांधून पाहू, पावसाचं पाणी त्यातून गाळलं जाऊन आत जाईल. कापड बांधलं. ते मधोमध खचलं आणि त्याच डबक्यात डास झाले. नर्सबाई खट्टू झाल्या. तेव्हा काकूंनी बॅगेतून आपला परकर काढला आणि सेफ्टी पिनने नाडी कशी ओवायची, ती करकचून कशी आवळायची, ते दाखवलं. जमलेल्या बायका हसून लोळल्या. पण पुढच्या पावसाळ्याआधी चर्चमधल्या शिवणाच्या मंडळाने बेटभर नाडीची कापडं शिवून दिली, आणि ती ताणून बसली.

मला फोटो दाखवताना काकू म्हणाल्या, "बघ, आमची पिंपं कशी परकर नेसून उभी आहेत." डेंग्यू संपला नाही, पण दवाखान्यातल्या खाटा रिकाम्या दिसायला लागल्या. मला त्या बाईचा फार अभिमान वाटायचा.

पुढे निधीची मुदत संपत आली. काम अजून इथूनच चालवावं लागेल, एवढं काकूंनी मीटिंगमध्ये म्हटलं असतं तर त्यांची नोकरी टिकली असती. त्यांनी सांगितलं, पैसे थेट नर्सबाईंच्या दवाखान्याला द्या, इथून कुणी जायची गरज नाही. साहेबांनी ते मानलं आणि काकूंची जागा बंद झाली.

"काकू, स्वतःचा जॉब स्वतःच कॅन्सल केलात? पायावर धोंडा मारून घेतलात हो," मी म्हणालो.

"मग काय करू? ती माझ्यापेक्षा चांगलं मॅनेज करते." चष्मा पुसत म्हणाल्या, "पण त्या सगळ्यांची सवय झाली होती रे. आता माझं तिथे काय काम?"

काम निघालं. दर रविवारी सकाळी नर्सबाईंचा फोन यायला लागला. कापड विटलं तर बदलायचं का? नव्या नर्सला आधी काय शिकवायचं? मी चहाला गेलेलो असलो तर काकू हातानेच मला बस म्हणून खुणावायच्या. फोन ठेवला की कपाळाला आठ्या घालायच्या. "अजून बारीकसारीक गोष्टी मलाच विचारते. कसं व्हायचं हिचं, कुणास ठाऊक." आणि मग दिवसभर खुशीत असायच्या.

एका हिवाळ्यात काकू हार्ट अटॅकने गेल्या. बर्फ वितळल्यावर नर्सबाई विद्यापीठात व्याख्यान द्यायला आल्या. त्यांना एअरपोर्टवरून मीच आणलं. गाडीत विचारलं, "काकू तर आता नाहीत. अडचण आली की काय करता?"

"अडचणी तेव्हाही नव्हत्या," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी आम्ही सगळ्या नर्सेस बसून तिच्यासाठी प्रश्न शोधायचो. चांगला प्रश्न सापडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही."

मला समोरचा रस्ता दिसेना. मी गाडी कडेला घेतली.